फळी रेटणारा पाय

रवींद्रच्या डाव्या चपलेचा तळ पुढच्या टोकाला उजवीपेक्षा चार मिलिमीटर जास्त झिजला होता. मेघनाने हे नजरेने ठरवलं नव्हतं, मोजलं होतं. ठाण्यातल्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बारीक मापं घेणारा व्हर्नियर कसा धरायचा हे मुलांना दाखवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. मागच्या शुक्रवारी तिने तो पर्समध्ये घालून घरी आणला, रवींद्र आंघोळीला गेल्यावर दोन्ही चपला उलट्या करून तीन-तीनदा मोजल्या आणि सोमवारी व्हर्नियर जागच्या जागी ठेवून दिला. गणपतीत हाच फरक दोन होता.

आता त्या चपला उंबऱ्याशी होत्या. शेजारी केतनचे बूट, प्राप्तीच्या सँडल आणि नातीचे, श्रियाचे, चमकणारे बूट. मुलगा, सून आणि नात सकाळीच डोंबिवलीहून आले होते. आबांसाठी बोंबील तळून झाले, जेवणं झाली, आणि केतनने लॅपटॉप उघडला.

“पप्पा, आज फायनल हां. तीन महिने तुम्ही नुसते देश बदलताय. फेब्रुवारीत स्कीइंगला जायचंय, पुढच्या जन्मात नाही.”

“ठरलंय माझं,” रवींद्र म्हणाला आणि त्याने वही पुढे केली.

खोपटच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं ब्रेकचं काम केलेला माणूस होता तो. उतार म्हटलं की त्याला आधी थांबायचं कसं ते सुचायचं. वहीत त्याने प्रत्येक गावाला एक पान दिलं होतं: उतार केवढा, शिकवणारे आहेत का, आपल्याला परवडेल का, गर्दी किती. गर्दीच्या रकान्यापाशी बहुतेक गावं बाद झाली होती.

“बल्गेरिया का खोडलं?” प्राप्तीने विचारलं. “आमच्या ऑफिसातली वैशाली गेलेली. ती बोलली एकदम भारी आहे. रात्री म्युझिक काय, पार्ट्या काय...”

“म्हणूनच खोडलं. शांत पाहिजे.”

“चौतीस वर्षं हॉर्न ऐकून पप्पांचे कान पण रिटायर झालेत,” केतन म्हणाला. सगळे हसले. रवींद्रही हसला, पण चेहरा जरा उशिराच हलला. तो उशीर मेघनाखेरीज कुणाच्या लक्षात आला नाही.

शांत कशाला हवं, हे तिला ठाऊक होतं. दसऱ्याच्या आसपास, बाजारातून परतताना, तो सपाट रस्त्यावर अडखळून पडला होता. उठवायला एक भाजीवाली आली. दोन मुलं मात्र लांबूनच मोबाईल धरून उभी राहिली. घरी आल्यावर गुडघा धुताना तो म्हणाला होता, “जिथं माणसंच कमी, असं गाव शोधतो.”

शेवटच्या पानावर जॉर्जियातल्या बाकुरियानीचं नाव होतं, खाली दोन रेघा. लहान गाव, आजूबाजूला झाडी, नवशिक्यांसाठी सौम्य उतार. केतनने वही डोळ्यांजवळ नेली.

“पप्पा, किती बारीक लिहिलंय! मुंग्या चालल्यात नुसत्या.”

“कागद वाचवतो,” रवींद्र म्हणाला.

पहिल्या पानावर ‘बल्गेरिया’ अर्धी ओळ व्यापून बसलं होतं. बाकुरियानी त्याच्या निम्म्या जागेत मावलं होतं. मेघनाने वही हलकेच मिटून आपल्याकडे ओढली.

कोपऱ्यातल्या खाटेवरून आबांनी मान वर केली. चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे. आयुष्य खाडीत आणि मासळीबाजारात गेलेलं.

“बरफ बगाला परदेशान कनाला जातंस रं? जल्मभर लाद्या उचलल्या आमी. त्यान काय बगाचा?”

“आबा, तो बर्फ वेगळा. पावडरसारखा असतो,” प्राप्ती म्हणाली.

“मंग मासली कशी टिकल त्यान?”

श्रिया लोळून हसली. रवींद्र आबांकडे सरकला. “आबा, बर्फ बघायला नाय चाललो. फळी चालवायला चाललोय.”

आबांना ते लगेच समजलं. बाकीच्यांना समजायला दोन वर्षं लागली होती. निवृत्त झाल्यावर एका दुपारी टीव्हीवर स्कीइंगची कुठली तरी स्पर्धा लागली होती आणि रवींद्र ताटावरून उठून ओरडला होता, “अगं, ही तर आपली फळी!” लहानपणी ओहोटी लागली की तो खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, ती छोटी मासळी, धरायला जायचा. चालत गेलं तर मांडीपर्यंत रुतायचं. म्हणून लाकडाची लांब फळी. तिच्यावर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा. बरोबर रेटा बसला की फळी तेलावरून निघाल्यासारखी निघायची. कोळीवाड्यात त्याच्याइतकी लांब फळी कुणाची जात नसे. पुढे खाडीत गटारं आली, निवट्या गेल्या, फळी चुलीत गेली. मरण्याआधी एकदा तसं निघायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. केतन आधी हसला होता. मग म्हणाला होता, “पप्पांनी आजवर काही मागितलंच नाही. जाऊ या.”

हे ठरलं त्यानंतर, जूनमध्ये, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. आधी पार्किन्सन म्हणाले, मग नीट समजावं म्हणून मराठीत म्हणाले, कंपवात. तिथेच घोळ झाला. रवींद्रने दोन्ही हात टेबलावर सरळ धरले. “डॉक्टर, कंप कुठाय? बघा ना.” हात खरंच स्थिर होते. काहींना कंप येत नाही, नुसता ताठरपणा येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं, घरी येऊन मेघनानेही सांगितलं. अक्षर लहान होतं, चेहरा कमी हलतो, पाय घासतो. तो ऐकून घ्यायचा आणि रोज सकाळी दात घासल्यावर हात समोर धरून बघायचा. कंप नाही, म्हणजे कंपवात नाही. गोळ्या मात्र घ्यायचा. त्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवायचा.

“पोरांना मी सांगेन तेव्हाच कळलं पाहिजे,” तो म्हणाला होता. “शब्द दे.” तिने दिला होता. चार मिलिमीटर ज्या माणसाच्या चपलेत मोजले, त्याच्या तोंडचं एक वाक्य तिला हलवता येत नव्हतं.

“आजोबा, फळी कशी चालवायची? दाखवा ना!” श्रियाने स्वयंपाकघरातून बसायचा पाट ओढत आणला होता.

“अगं, इथे नको. लादी आहे,” मेघना म्हणाली.

“लादीवरच तर मजा,” रवींद्र म्हणाला. त्याने पाट उताणा केला, खाली फडकं घातलं, उजवा गुडघा वर टेकला, दोन्ही हातांनी पाटाच्या कडा धरल्या. पाठ वाकली, हनुवटी पुढे आली. क्षणभर तो बारा वर्षांचा दिसला. मग त्याने डावा पाय मागे टाकला.

पाय लादीवर टेकला आणि तिथेच राहिला.

“रेटा ना आजोबा!”

“रेटतोय गं.” त्याच्या कपाळाची शीर वर आली. पाट जेमतेम वीतभर सरकला आणि डावीकडे वळला. रवींद्र कडेवर कलंडला, हात टेकले.

“ब्रेक लागले!” केतन हसत ओरडला. “डेपोवाले आहेत पप्पा, आधी ब्रेक!” प्राप्ती हसली, श्रियाने टाळ्या वाजवल्या. मेघना पुढे झाली होती, पण रवींद्रने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती जागीच थांबली.

आबा हसले नव्हते. ते लेकाचा पाय बघत होते. फळी शिकवली ती त्यांनीच.

“रवी,” ते हळूच म्हणाले, “तुजा डावा पाय रेटीत नाय रं.”

“वय झालं आता, आबा.”

“माजा अजून रेटतंय.” आबांनी खाटेवरून पाय सोडून जमिनीवर दाबून दाखवला. केतनला तेही गंमतच वाटली.

“चला, बाकुरियानी तर बाकुरियानी. विम्याचा फॉर्म पण आजच भरून टाकू. स्कीइंग आहे ना, वेगळा घ्यावा लागतो.” तो मोठ्याने वाचू लागला. “आधीपासूनचा काही आजार? श्रिया, नाही. प्राप्ती, नाही. मी, नाही. आई, तुझं बीपी लिहितो. बर्फात शिकणाऱ्यांत तू नाहीस ना?”

“मी खाली चहा घेत बसेन, असं कधीच सांगितलंय,” मेघना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

“ओके. पप्पा...”

मेघनाने हातातल्या वहीची कड घट्ट धरली. शब्द दिला होता. न बोलावं तर खोटं लिहिलं जाणार होतं, बोलावं तर ज्याचं होतं ते त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार होतं. रवींद्र अजून जमिनीवरच होता, पाटाशेजारी. त्याने दोन्ही हात समोर धरले, बोटं ताणली. हात स्थिर होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने ते खाली घेतले आणि डाव्या पायावर ठेवले.

“पप्पा, नाही,” असं म्हणत केतनने बोट पुढे नेलं.

“थांब,” रवींद्र म्हणाला. “हो लिही.”

“काय हो?”

“कंपवात.” तो शब्द त्याने तुटक उच्चारला, पहिल्यांदाच तोंडात घेतल्यासारखा. “कंप नाही अजून. पण तोच आहे. जूनपासून. तुझ्या आईला माहितीय, मीच बोलू नको म्हटलेलं.”

केतनचं बोट तसंच अधांतरी राहिलं. प्राप्तीने श्रियाला जवळ ओढलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

“तिकिटं सगळ्यांची काढ,” रवींद्र म्हणाला. त्याने पाट उलटा करून सरळ केला, फडक्याने पुसला आणि मेघनाच्या दिशेने सरकवला. “फक्त शिकणाऱ्यांत माझ्या जागी तुझ्या आईचं नाव घाल. खाली मी बसेन.”