मुलाखतीला गेलेला एप्रन

मी एक जुना एप्रन आहे. मूळचा पांढरा, पण हळदीने मला कधीच पिवळट करून टाकले. एका जाड चादरीतून मला बेतले, आणि साधना केंद्राच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षे गेली.

तिथे ध्यानाला येणाऱ्या तीन-चारशे माणसांचे जेवण ताई सांभाळायची. भाजीवाल्याशी घासाघीस तीच करी, नव्या मदतनीसांना तीच शिकवी, कुणी रुसले तर समजूतही तीच काढी. पण केंद्राचा एक रिवाज होता. केलेल्या कामाला आपले नाव लावायचे नाही. जेवणाचे कुणी कौतुक केले की ताई नुसते वर बोट दाखवी. नवे लोक आधी छताकडे बघत.

पुढे ताईची आई अंथरुणाला खिळली. ताई घरी परतली आणि मलाही सोबत घेऊन आली. धाकट्या भावाच्या एकट्याच्या पगारात घर भागेना. ताईला नोकरी हवीच होती.

पहिली मुलाखत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. मी तिच्या पिशवीत कान टवकारून बसलो होतो.

"एवढ्यांचा स्वयंपाक कोण बघायचं?" मॅनेजरने विचारले.

"गुरुकृपेनं व्हायचा."

"मग त्या कृपेलाच पाठवा की."

ताई हात हलवत परत आली. मित्रांनो, मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी भावजयीने तिला समोर बसवले. "ताई, तिथे सेवा म्हणू नका, काम म्हणा. आणि कुणी केलं विचारलं तर मी केलं म्हणा. खोटं थोडंच आहे?"

"अगं, जीभ रेटत नाही."

"रेटायची. म्हणा बघू."

ताई काहीतरी पुटपुटली. "हे तर मलाही ऐकू आलं नाही," भावजय म्हणाली, "आणि मी समोर बसलेय." मग दोघी हसत सुटल्या.

दुसरी मुलाखत इस्पितळाच्या स्वयंपाकघरासाठी होती. तिथल्या मुख्य बाईंनीही तोच प्रश्न विचारला.

"मी बघत होते," ताई म्हणाली. "खरेदी, माणसं, वेळ, सगळं मीच." पिशवीतल्या मलाही ते स्पष्ट ऐकू आले.

"पगार नव्हता म्हणता. मग इतकी वर्षं का राहिलात?"

मी धास्तावलो. आता ही वर बोट दाखवणार, असे मला वाटले. पण ताईचे बोट खालीच राहिले.

"भुकेलं माणूस वेळेवर जेवून उठलं की मला बरं वाटतं. दुसरं कारण नाही."

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "आमचे एप्रन अजून शिवून यायचेत. तुमच्याकडे आहे का एखादा?"

ताईने मला पिशवीतून बाहेर काढले.

आता मी इस्पितळात असतो. भावजयीने मला नवे बंद लावून दिले आहेत. माझे बरे चालले आहे. मित्रांनो, केलेले काम मिरवू नये हे खरे, पण कुणी विचारले तर ते लपवूही नका. आणि काम संपल्यावर आम्हाला बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. धुऊन, झटकून दोरीवर टाका. आम्हालाही उद्या कामावर जायचे असते.