सृष्टीच्या वाट्याचं ऊन

लातूरच्या पोरीला ऊन कमी पडलंय हे ऐकून आडतदार चन्नबसप्पांना डॉक्टरांच्या पदवीचीच शंका आली.

"डॉक्टरसाहेब, बाहेर बेचाळीस डिग्री हाय. माणसं भाजून निघायलीत. अन् आमच्याच पोरीला ऊन कमी?"

"ड जीवनसत्त्व कमी आहे, अप्पा. वीसच्या वर पाहिजे, हिचं नऊ आहे. पिंढऱ्या दुखतात, पाय जड होतात, ते यामुळंच."

सृष्टी ही त्यांची धाकटी मुलगी. आठशे मीटर धावायची, दोन वर्षं जिल्ह्यात पहिली. यंदा मात्र शेवटच्या दोनशे मीटरला कुणीही पोरगी तिला मागं टाकून जायची. ऑक्टोबरात नांदेडला विद्यापीठ संघाची निवड होती. पहिल्या दोघी संघात, बाकीच्या प्रमाणपत्र घेऊन घरी. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

"सराव कधी करतेस?" डॉक्टरांनी सृष्टीला विचारलं.

"पहाटे पाच ते सहा," उत्तर अप्पांनी दिलं. वेळही त्यांनीच ठरवली होती. पूर्ण बाह्यांचं जर्किन, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे आणि सूर्य वर यायच्या आत पोरगी घरात. मग दिवसभर कॉलेज आणि तळघरातली अभ्यासिका. उदगीर-निलंग्याकडची स्थळं रंग बघतात, एवढंच त्यामागचं क्रीडाशास्त्र.

डॉक्टरांनी आठ पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. शिवाय दहाच्या सुमारास अर्धा तास ऊन, हात-पाय उघडे ठेवून.

"रोज एक दिली तर आठ दिवसांत काम होईल की."

"होईल. मग किडन्या घेऊन या माझ्याकडं." डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. "आणि पुडीनं कुणी धावत नसतं, अप्पा. ती फक्त कमी भरून काढते. धावायचं हिलाच आहे."

घरी पत्नी उमाबाई म्हणाल्या, "पोरगी काळी पडंल हो."

अप्पा जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी स्वतः सृष्टीला स्कूटरवरून मैदानावर नेलं आणि स्कार्फ मागून घेऊन खिशात घातला. मोंढ्यातल्या धान्यबाजाराकडं जाणारा रस्ता मैदानाला लागूनच. दलाल रविकांतनं गाडी थांबवली.

"चन्नबसप्पा, पोरगी भर उन्हात?"

"औषध चालू हाय."

"किती दिवस?"

"नांदेड होईस्तोवर."

पुड्या जुलैत संपल्या. पिंढऱ्यांचं दुखणं ऑगस्टात गेलं. सप्टेंबरात सृष्टी शेवटच्या दोनशे मीटरला पुन्हा दात-ओठ खाऊन धावू लागली, आणि पावसाळा असूनही ती दंडापर्यंत रापली. स्थळांचे फोन कमी झाले. अप्पांनी चौकशी केली नाही.

नांदेडला शर्यत साडेअकराला सुटली. बाकीचे बाप मांडवात होते, अप्पा दोरीला चिकटून उन्हात. सहाशे मीटरपर्यंत सृष्टी चौथी. वळणावर तिसरी. मग पुढच्या पोरीचा दम संपला आणि हिचा संपला नाही. दुसरी आली. अप्पांनी घड्याळवाल्या मास्तरांकडून आकडा दोनदा वाचून घेतला.

मांडवातल्या एका गृहस्थांनी विचारलं, "ती सावळी पोरगी कुणाची हो?"

"आमची," अप्पा म्हणाले. "अन् सावळी न्हाई, काळी म्हणा. लई मेहनतीनं झालीय."

मग ते मैदानात गेले. सृष्टीला वाकवत नव्हतं, म्हणून गुडघ्यावर बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. चार माणसं बघत होती. त्यांनी बघू दिलं.