दोन इंची फळ्या

मिस्त्रींच्या घरामागे अक्रोडाचा एक ओंडका चौदा महिने पडून होता. जाणारा-येणारा हटकून विचारायचा, "काय मिस्त्री, अंडी उबवताय का त्याची?"

"बायको येऊ दे," मिस्त्री म्हणायचे. एवढंच.

बायको लेकीकडे गेली होती. दोन विमानं बदलून जावं लागतं इतकी लेक लांब. तिला बाळ होणार होतं. "सहा महिने. वर एक दिवस नाही," असं सांगून, चष्म्याची डबी घरीच विसरून बायको निघाली. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात वादळ झालं आणि परसातलं अक्रोडाचं झाड कुंपणाला धक्का न लावता शहाण्यासारखं आडवं झालं. मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, "तू आल्याशिवाय त्याला करवत लावणार नाही. आपल्या स्वयंपाकघरातलं टेबल करू याचं."

यात थोडी भरपाई होती. सव्वीस वर्षं दोघांनी मिळून लोकांच्या झाडांच्या फळ्या पाडल्या. लोकांची टेबलं झाली, कपाटं झाली, जिने झाले. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एक डुगडुगणारं टेबल होतं आणि त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी.

त्यांचं काम असं चालायचं. मोठा ओंडका गिरणीपर्यंत नेणं जिवावर येतं, म्हणून मिस्त्री गिरणीच ओंडक्यापाशी नेत. गिरणी म्हणजे काय, तर झाडं तोडायची साखळीवाली करवत आणि तिच्या लांब पात्याला नटबोल्टने आवळलेली लोखंडी चौकट. चौकट लाकडावरून सरकते आणि पातं तिच्याखाली ठरलेल्या खोलीवर आडवं कापत जातं. चौकट वर-खाली केली की फळीची जाडी बदलते. पण ओंडक्याची पाठ असते गोल. पहिल्या खेपेला चौकट सरकायची कशावरून? तर त्याच्या पाठीवर एक सरळ शिडी ठोकायची आणि चौकट शिडीवरून न्यायची. वरचं सालपट निघालं की खाली सपाट लाकूड मिळतं, पुढे त्याचाच आधार.

आता यातली ग्यानबाची मेख. पातं पुढे गेलं की कापलेला वरचा भाग आपल्याच वजनाने खाली बसतो, मागची फट मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. म्हणून हातभर कापून झालं की थांबायचं आणि मागे फटीत लाकडी पाचर ठोकायची. पाचरा बायकोकडे असत. तिच्या कमरेला जाड कापडाची पिशवी, हातात छोटी हातोडी. मिस्त्री मान न वळवता उजवा हात मागे करत आणि हातात पाचर येई. दोघांच्या कानांवर जाड कानबंद, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. गावात तिला पाचरबाई म्हणत. लोकांच्या कामात पाचर मारणाऱ्या पुष्कळ असतात, काम व्हावं म्हणून मारणारी ही एकटीच, असं मिस्त्री पाहुण्यांना सांगत आणि ती डोळे वटारी.

सहा महिन्यांचे नऊ झाले. लेकीची नोकरी सुरू झाली, बाळाला दात आले, मग बाळ चालायला लागलं आणि चालणाऱ्या बाळामागे धावायला कुणीतरी हवंच. "अजून थोडे दिवस," बायको म्हणे. किती, ते मिस्त्रींनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

मग एका सकाळी ओंडक्याच्या सालीखाली पिठासारख्या भुशाचे बारीक ढिगारे दिसले. किडा लागला होता. लाकूड चिरू नये म्हणून टोकांना रंग फासलेला असूनही एका टोकाला चीर गेली होती, चांगली करंगळी जाईल एवढी.

त्या रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी. गळ्यात टेप अडकवूनच झोपतो, असं त्याची बहीण म्हणायची.

ढिगाऱ्यात बोट बुडवून तो म्हणाला, "भाऊजी, ताईची वाट तुम्ही बघा, पण किडा बघणार नाही. आणखी एक पावसाळा, की टेबल सोडा, तुम्हाला चमचासुद्धा करता येणार नाही."

"तिला शब्द दिलाय."

"मग शब्दावर ठेवा ताटं."

मिस्त्री आत गेले. मशीन घेऊन बाहेर आले. साखळीला धार लावली, तेल घातलं, शिडी ठोकली. बायकोला फोन करायचं मात्र टाळलं. कापून झाल्यावर सांगू, म्हणाले. मेहुण्याने दाराजवळच्या खिळ्यावरची पाचरांची पिशवी काढायला हात घातला तसे म्हणाले, "ती राहू दे. पाचरा खिशात घे तू."

मशीन सुरू झालं. सव्वा वर्षाने तो आवाज परसात घुमला आणि ताज्या अक्रोडाचा कडसर वास सुटला. मिस्त्रींचे खांदे आपोआप सैल झाले. हातभर कापून झालं. त्यांनी मशीनचा जोर कमी केला, उजवा हात मागे केला. हातात काहीतरी आलं. ते त्यांनी न बघता फटीकडे नेलं.

पाण्याची बाटली होती.

"मला वाटलं, तहान लागली," मेहुणा नंतर म्हणाला. त्याचाही दोष नव्हता. हात मागे आला की पाचर द्यायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सव्वीस वर्षांत ते सांगावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते सांगायचं असतं हेच मिस्त्रींच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ते बाटलीकडे बघत राहिले, तेवढ्यात वरचं सालपट बसलं. पातं अडकलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि ओढून पाहिलं. हलेना.

"आणखी जोर लावू?" मेहुण्याने विचारलं.

"पातं वाकेल."

"मग जिला कळतं तिलाच विचारू," असं म्हणत मेहुण्याने फोन लावलासुद्धा. मिस्त्री नको-नको म्हणेपर्यंत पडद्यावर बायकोचा चेहरा आला. तिच्या खांद्यावर बाळाने गाल टेकला होता.

तिने आधी ओंडका पाहिला, मग शिडी, मग नवऱ्याचं तोंड.

"कापायला घेतलंत तर."

"किडा लागला होता," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर मी थांबलो असतो."

"माहीत आहे मला." मग ती कामाच्या आवाजात म्हणाली, "पाचर कुठे मारलीत?"

"याने बाटली मारली," मेहुण्याकडे बोट दाखवून मिस्त्री म्हणाले.

ती इतकी हसली की बाळ दचकून बघायला लागलं. "ए शिंप्या, पात्याच्या मागे वीतभर सोड. दोन्ही कडांना एकेक पाचर. एक ठोका इकडे, एक तिकडे. एकदम एकीलाच हाणू नकोस. फट उघडली की पातं मागे घ्या. आणि ह्यांचा हात मागे आला की पाचर द्यायची, दुसरं काही नाही."

सहा-सात ठोक्यांत पातं सुटलं. बायको तोवर फोनवरच होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ओलं लाकूड फळ्या पाडून, मधे पट्ट्या ठेवून, सावलीत रचून वाळवतात. त्याला लागणारा वेळ मिस्त्रींच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष. बायको गिऱ्हाइकांना हेच सांगायची.

म्हणून मिस्त्रींनी नट सैल करता करता, तिच्याकडे न बघता विचारलं, "जाडी किती ठेवू? टेबल तुझं आहे. एक इंची पुरेल ना?"

बाळ तिच्या चष्म्याशी खेळत होतं, तो तिने हळूच सोडवून घेतला.

"दोन इंची कापा," ती म्हणाली.

मेहुणा म्हणाला, "दणकट होईल." त्याला तेवढंच कळलं.

मिस्त्रींनी पाना फिरवला, पट्टी लावून माप घेतलं. दोन इंच. पुन्हा घेतलं. मग म्हणाले, "बरं. दोन तर दोन."

"बाळ शाळेत जायला लागलं की..." ती म्हणाली.

"बाळाला सांभाळ. इथे ऊन वर यायच्या आत कापायला हवं," म्हणत त्यांनी फोन मेहुण्याकडे दिला.

दिवसभर काम चाललं. मेहुणा शिकला. हात मागे आला की पाचर येऊ लागली, कधी उलटी, पण येऊ लागली. चार वाजेपर्यंत दोन इंची पाच फळ्या निघाल्या, मधोमध काळपट गाभा आणि कडेला पिवळसर पट्टा. शेवटच्या फळीआधी मिस्त्री खाली बसले, पाना घेतला आणि चौकट खाली घेतली. मेहुण्याच्या नजरेतून माप सुटत नाही.

"ही पातळ होतेय, भाऊजी."

"होऊ दे."

संध्याकाळी परसाच्या सावलीत फळ्या रचल्या. दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, सगळ्या बरोबर एकाखाली एक, नाहीतर फळी वाळताना नागमोडी होते. पातळ फळी सगळ्यात वर ठेवली. मग मिस्त्रींनी आपणहून फोन लावला आणि रास दाखवली.

बायकोने एकेक फळी मोजली. "वरची एक इंची का?"

"माप चुकलं."

"तुमचं माप कधी चुकलं?"

मिस्त्रींनी वरच्या फळीवरचा भुसा हाताने झटकला. तिकडे सकाळ व्हायची होती. तिने दिवा लावला नव्हता. पडद्यावर नीट दिसत नव्हतं, पण ती हलली नव्हती, एवढं कळत होतं.

"एक बाक होईल तेवढ्याचा," शेवटी मिस्त्री म्हणाले. "दोन माणसं बसतील असा. वर्षभरात वाळेल."

"पातळ फळी फार लवकर वाकडी होते," ती म्हणाली. "ऊन लागू देऊ नका तिला. आणि वर वजन ठेवा."

"काय ठेवू?"

"तुम्हीच बसा. घरात तेवढी एकच जड वस्तू आहे."

मेहुणा मोठ्याने हसला. फोन बंद झाला. मिस्त्री खरंच राशीवर जाऊन बसले. अगदी डाव्या कडेला.

"मधे बसा, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "एका बाजूला भार आला तर फळी वाकेल."

मिस्त्री जागचे हलले नाहीत. "दाराजवळच्या खिळ्यावरची पिशवी आण," ते म्हणाले. "पाचरा भर तिच्यात आणि हातोडीसकट या रिकाम्या बाजूला ठेव."