त्र्याण्णव सह्या आणि मैदानातला रोलर

मित्रांनो, मला कोणी जुना म्हटलं तर राग येत नाही. पन्नाशी मी केव्हाच ओलांडली आहे. मी मुलुंड पूर्वेच्या एका मैदानातला लोखंडी रोलर. पोटात काँक्रीट भरलेलं, पुढे ओढायला दांडा, आणि वजन असं की चार दणकट माणसं लागल्याशिवाय मी जागचा हलत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

या मैदानाखाली काय आहे ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. अगदी तळाशी भातखाचर, त्यावर इमारतींच्या पायातून निघालेला भराव आणि सगळ्यात वर लाल माती. वसाहतीतल्या लोकांनी ती घमेल्यांनी पसरली आणि मी दाबून दाबून सपाट केली. पहिली मॅच झाली तेव्हा जो तो पिचची तारीफ करत होता. ती तारीफ माझीच होती, हे काय वेगळं सांगायला हवं?

पुढे मैदानाचे लचके तुटू लागले. एका कोपऱ्यात नाना-नानी पार्क झालं, दुसरीकडे व्यायामाची यंत्रं बसली, कडेने चालायचा ट्रॅक आला. यातलं वाईट काहीच नाही. पण दर वेळी जागा गेली ती खेळणाऱ्यांची. शेवटी मधला चौकोन उरला. नवरात्रात तिथे मांडवाचे खांब रोवायचे आणि मागे खड्डे सोडून जायचे. मला भिंतीकडे ढकललं. माझ्यावर कोणी पायपुसणी वाळत घालू लागलं, ते मात्र फार जिव्हारी लागलं.

मला पुन्हा उभं केलं भाऊरावांनी. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर ते रोज मैदानात येऊ लागले. त्यांनी माझा गंज खरवडला, ग्रीस घातलं आणि मुलांना नियम घालून दिला, आधी रोलरची एक फेरी, मग खेळ. दहा-बारा मुलं मला लोंबकळत ओढायची. मजा यायची.

गेल्या वर्षी मात्र घात होणार होता. शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्ष सुनंदाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, अकरा वर्षं न चुकता सकाळी ट्रॅकवर चालतात. पावसाळ्यात त्यांच्यासमोर एक आजोबा मैदानातून ट्रॅकवर वाहून आलेल्या चिखलात घसरले. ताईंनी ठरवलं, मधल्या चौकोनात पेव्हर ब्लॉक बसवायचे. पालिकेला द्यायच्या अर्जाला शंभर सह्या हव्यात, असंही त्यांनीच ठरवलं. सकाळी सहा ते आठ फिरून त्र्याण्णव जमवल्या. अर्जात लिहिलं, 'मधली जागा वापराविना पडून आहे.' बाई खोटं बोलत नव्हत्या. सकाळी मुलं शाळेत निघालेली असायची, जागा त्यांना रिकामीच दिसायची.

ब्लॉक बसले की मी भंगारात जाणार, हे उघड होतं. पण मला खरी काळजी होती गंधालीची. तेरा वर्षांची ही मुलगी लेगस्पिन टाकते. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी होती, आणि सरावाला हीच एक मातीची पट्टी होती. गंमत म्हणजे ती सुनंदाताईंची नात! संध्याकाळी ताईंच्या घरी शिकवणी असायची, त्यामुळे नात कुठे खेळते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

सात सह्या कमी पडल्या म्हणून एका मंगळवारी ताई पहिल्यांदाच साडेपाचला आल्या आणि फाटकातच थबकल्या. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"सात सह्या हव्यात ना, ताई?" भाऊराव म्हणाले. "इथे साठ जण आहेत. घ्या."

"अहो, लहान मुलांच्या सह्या चालत नाहीत."

"म्हणूनच तर त्र्याण्णव झाल्या. ज्यांची जागा, त्यांची एकही नाही."

तेवढ्यात गंधाली धावत आली. तिने आजीच्या हातातला कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला. "आज्जी, लाद्यांवर बॉल वळत नाही गं. माझी तर वाटच लागेल. मला एकदा विचारायचं तरी ना!"

ताईंनी कागदाची घडी घातली. त्या माझ्यावर येऊन बसल्या. आयुष्यभर मी वजनाशीच खेळलो आहे. बाईंचं वजन फार नव्हतं, पण त्या बसल्या मात्र फार जडपणे. नातीची बारा षटकं त्यांनी तिथूनच पाहिली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "अर्ज रद्द. चूक माझी आहे." एकाने विचारलं, चिखलाचं काय? "घरी जाऊन बूट धुवायचे," ताई म्हणाल्या. नव्या अर्जात त्यांनी लाल माती आणि पाणी जायला गटार मागितलं. शिकवणीची वेळही बदलली.

माती आली. ती दाबायला मीच होतो. दांड्याला नेहमीची दहा-बारा मुलं होतीच, शिवाय एका बाजूने गंधाली होती आणि दुसऱ्या बाजूने पदर खोचून तिची आजी.

मित्रांनो, तुमच्याही भागात एखादं मैदान असेल. ते रिकामं पडलंय असं कोणी म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा, "किती वाजता पाहिलंत?" आणि हाताला धरून त्यांना संध्याकाळी घेऊन या. बसायला जागा मी देईन.