दारामागचे खिळे

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात धड खुर्ची एकही नसते. एकीची स्प्रिंग बाहेर, दुसरीचा पाय गेलेला, तिसरीचं कापड मीच फाडून ठेवलेलं. तरीही फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आमची मंडळी दुपारी इथेच येऊन पडतात. घरी त्यांचं कोणी ऐकून घेत नाही, हे त्याचं खरं कारण.

मंडळी म्हणजे तिघं. मास्तर, जे शाळेतून निवृत्त झाले पण शिकवण्यातून झाले नाहीत. ड्रायव्हर, जो बस चालवतो आणि चढणाऱ्या प्रत्येकाला आपल्या संघाचं कुठे चुकतं ते तिकिटाबरोबर फुकट सांगतो. आणि माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, ज्याचं पुलापलीकडच्या संघाचं नाव काढलं तरी डोकं फिरतं. आमचा स्वतःचा संघ गेली कित्येक वर्षं शेवटून पहिला येतो, त्यामुळे त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. आम्ही बोलतो ते पुलापलीकडच्यांविषयी. आपल्याला सुख नाही तर निदान त्यांनाही नसावं, एवढीच आमची माफक अपेक्षा.

दहा संघांत ते यंदा कितवे येणार यावर वाद घालायचा, आणि चौघांचं एकमत झालं की दुकानाच्या दारामागे तितके खिळे ओळीने ठोकायचे. सोफ्याचं कापड बसवायचे बारीक खिळे, अर्थात माझेच. आठवे येणार असं ठरलं तर आठ. जितके जास्त खिळे तितकी मजा, म्हणून ड्रायव्हरने एकदा अकरा ठोकले होते. ते खरोखर कितवे येतात याच्याशी त्या दाराचा काही संबंध नाही. दोनदा ते पहिले आले, आणि त्या दोन वर्षांच्या ओळींत सात आणि नऊ खिळे आहेत. एकच खिळा त्या दाराला कधी लागला नाही. तसं कोणी सुचवलं असतं तर त्याला आम्ही हाताला धरून रस्त्यावर सोडून आलो असतो.

यंदा पंचाईत माझी होती. आमचा धाकटा मुलगा दोन वर्षांपासून पुलापलीकडच्यांकडून खेळतो. आमच्या संघाने त्याला बाकावर बसवून कुजवला, त्यांनी उचलून मैदानाच्या मधोमध उभा केला. त्यावरून मला घरभेदी म्हणून झालं, माझा चहा बंद करायचा ठराव करून झाला, तोही माझ्याच दुकानात. मी सगळं हसून घेतलं. आमच्या संघाची टोपी घालून मी त्यांच्या सामन्यांना जायचो आणि धाकट्याच्या पायात चेंडू आला की खिशातल्या खिशात मूठ आवळायचो. इकडे आड, तिकडे विहीर. पण खरं सांगतो, त्या विहिरीत मला फार बरं वाटत होतं.

गेल्या महिन्यात सरावात त्याचा उजवा गुडघा फिरला. आतलं लिगामेंट तुटलं. पहिल्या डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं की चालेल, जिने चढेल, पण फुटबॉल विसरा. क्लबने बजावलं की दुसऱ्या डॉक्टरचं मत येईपर्यंत बाहेर बोलू नका. घरात अळीमिळी गुपचिळी. मी मेहुण्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरकडे आजचीच वेळ मिळाली होती. मीही कपडे करून तयार होतो, पण ही म्हणाली, "तुम्ही दुकानात बसा. तुमचं तोंड बघितलं की त्याचा धीर सुटतो." ती त्याला घेऊन गेली. मी फोन कापड कापायच्या टेबलावर उताणा ठेवला आणि बसलो.

मेहुणा अजून यायचा होता. मास्तरांनी त्याच्यावाचून सुरुवात केली. पुलापलीकडचे यंदा सहावे, असं त्यांचं म्हणणं. गोलकीपरचं वय झालेलं, डावीकडचा बचाव म्हणजे उघडं फाटक, आणि गोल करणारा एकुलता एक गडी दुसऱ्या गावच्या संघाने पळवलेला. ड्रायव्हर आठवर अडून बसला. मी म्हटलं, नवा प्रशिक्षक बरा वाटतो, तिसरे यायला हरकत नाही. त्यावर ड्रायव्हरने 'आपला तो बाब्या' एवढंच म्हटलं आणि पुढची म्हण माझ्यासाठी सोडून दिली.

मास्तर मात्र गंभीर झाले. फळ्यापाशी उभे असल्यासारखा त्यांनी हात वर केला.

"त्यांचा सगळा डोलारा एका पोराच्या पायांवर उभा आहे, तुमच्या," ते मला म्हणाले. "तो खेळला तर तुम्ही म्हणता तसे तिसरे. नाही खेळला तर नववे. काय, पाय कसे आहेत चिरंजीवांचे?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

एवढ्या वर्षांत त्या दुकानात कोणी इतकी नेमकी गोष्ट बोललं नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर वाद तिथेच संपला असता आणि दारावर नऊ काय, दहा खिळे लागले असते. मी एक खुर्ची पुढे ओढली आणि तिचे जुने खिळे उपसत तिसरे, तिसरे म्हणत राहिलो. मनात एक खूळ शिरलं होतं. या दोघांनी तिसरे म्हणून मान्य केलं तर फोनवर चांगलं काही येईल. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असले हिशेब करू नयेत हे मला कळतं. पण मी केले, आणि मास्तर सहावरून पाचवर आले तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात मेहुण्याची मोटारसायकल दारात थांबली. तो आत आला नाही. गाडीला जरा हात द्या म्हणून त्याने ड्रायव्हरला बाहेर बोलावलं, मग मास्तरांनाही. गाडी ढकलायला मास्तर कशाला हवेत? मी काचेतून पाहिलं तर तिघं पाठमोरे उभे राहून बोलत होते आणि गाडीला कोणाचा हातही लागला नव्हता. मी मनात हसलो. मला एकट्याला पाडायचा कट शिजतोय, नऊवर एकी करून येणार बेटे. मी उत्तरं जुळवून ठेवली. नवा प्रशिक्षक, घरच्या मैदानावरचे सामने, सगळं ओळीने.

ते आत आले. मेहुणा आला की मोठ्या सोफ्यावर अंग टाकतो आणि मी त्याला शिव्या घालतो. आज तो उभाच राहिला. मास्तर चष्मा पुसत होते.

"नऊ की दहा?" मी विचारलं.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "यंदा ते पहिले येणार."

मी हसलो आणि पुढच्या टोमण्याची वाट पाहिली. तो आला नाही.

"आपला भाचा आहे ना तिथे. तो असल्यावर दुसरं कोण येणार?"

मास्तर म्हणाले, माझी हरकत नाही. ड्रायव्हर म्हणाला, माझीही नाही. ज्याने दहा संघांत अकरा खिळे ठोकले होते त्या माणसाने डबीतून एकच खिळा निवडून काढला, आणि हातोडी माझ्यापुढे धरली. "तुम्हीच ठोका," तो म्हणाला. तिघांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हता.

मी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तो गप्प होता. हिने आपल्या भावाला फोन केला होता. मला कसा करणार? माझं तोंड बघवत नाही तिथे माझा आवाज तरी कसा ऐकवला असता.

मला त्या तिघांचा भयंकर राग आला. नेहमीसारखे भांडून आठ ठोकले असते तर घरी पोचेपर्यंत तरी मी एका खेळाडूचा बाप राहिलो असतो. असली माया करायला यांना कोणी सांगितलं होतं?

पण हातोडी पुढे होती आणि ड्रायव्हर ती मागे घेईना, म्हणून घेतली. आयुष्यभर मी खिळे तोंडात धरून, न बघता ठोकत आलोय. हा पहिल्याच घावाला वाकला. ड्रायव्हरने दुसरा दिला. तो मी नीट धरला, नीट बघितला आणि दारात बसवला. गेल्या वर्षीच्या आठ खिळ्यांखाली तो एकटाच होता.

मग फोन वाजला. हिचाच होता. "अहो, डॉक्टर म्हणाले..." तिने सुरुवात केली, तिथेच मी तिला थांबवलं.

"कळलं मला," मी म्हणालो. "घेऊन ये त्याला घरी. जिना हळू चढ म्हणावं."