मागाचा ठेका

टायरच्या दुकानाखालच्या तळघरात तो क्लब होता. तिथे धोट्याला ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. त्याचा चेहरा पाहिलेला मात्र एकही नव्हता. नाकापासून हनुवटीपर्यंत काळं फडकं बांधूनच तो रॅप करायचा. बाकीचे रॅपर गळ्यातल्या साखळ्यांची आणि गाड्यांची टिमकी वाजवायचे. हा पठ्ठ्या तुटलेल्या सुतावर आणि कामाची पाळी बदलण्यावर गायचा. ठेकासुद्धा यंत्रमागाचा. आई कामाला होती त्या शेडमध्ये जाऊन त्याने तो खटखटाट रेकॉर्ड करून आणला होता. नावही तिथलंच, मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणाऱ्या धोट्याचं.

त्या संध्याकाळी अगदी पुढे, बारवाल्याने दिलेल्या पालथ्या क्रेटवर, आई बसली होती. थोरल्या बहिणीने कुणाला न विचारता तिला आणून बसवलं होतं आणि स्वतः सरबत आणायला पसार झाली होती.

आईला ऐकू येत नव्हतं. उभा जन्म मागांच्या गोंगाटात गेला, त्यात कान गेले. शेडमधल्या सगळ्याच बायका ओठांनी बोलायच्या. चार माग पलीकडच्या मैत्रिणीला सासू काय म्हणाली, हे आईला जागेवरून कळायचं.

धोट्याने तिला पाहिलं आणि फडक्याची गाठ आणखी आवळली. सोमवारपासून त्याने त्याच शेडमध्ये कामाला लागायचं ठरलं होतं. आईने मुकादमाच्या नाकदुऱ्या काढून जागा मिळवली होती, आणि तो जाणार नव्हता. घरी सांगायची हिंमत आठवडाभर झाली नाही, तेव्हा त्याने त्याचं गाणं केलं. म्हणजे साऱ्या जगाला सांगायचं, एक आई सोडून. सरावही केला तो स्वयंपाकघरात, तिच्याकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड करून. तिच्या कानांची भीती नव्हती, डोळ्यांची होती.

स्पीकरमधून माग सुरू झाला. फरशी थरथरायला लागली. फडक्याआडून धोट्याने कडवं सोडलं:

"सोमवारचा भोंगा वाजू दे, माझा माग रिकामा राहू दे,
तुझे कान त्याने खाल्ले आई, माझे तेवढे राहू दे!"

क्लब डोक्यावर घेतला लोकांनी. क्रेटमधून आईला मागाचा ठेका पोचला असावा, कारण तीही टाळ्या वाजवत होती. पोरगा आपल्याला तोंडावर नाही म्हणतोय आणि ही बाई ठेका धरून टाळ्या वाजवतेय! त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने माईक खाली केला, फडकं सोडलं, आणि शेडमध्ये बोलतात तसं, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून, तेच कडवं आवाजाविना तिच्याकडे बघत म्हटलं. मागे माग खडखडतच होता. लोकांना वाटलं, हीसुद्धा काहीतरी कलाच असणार. त्यांनी फोन वर केले.

आईने टाळ्या थांबवल्या. मग तिचे ओठ हालले. ते वाचता येणारा तिथे तो एकटाच होता.

"माहितीये. आठवडाभर हेच तर पुटपुटतोयस. दिवा लागला की खिडकीच्या काचेत तोंड दिसतं, गाढवा. मुकादमाला मी कालच नाही म्हणून आले."

"मग बोलली का नाहीस?" त्याने ओठांनीच विचारलं.

"तू कधी सांगतोस ते बघत होते."

त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला फडकं आता नव्हतं. मागाचा ठेका एक फेरी रिकामाच गेला.

"कानांची ओळ चांगली झालीय," आई म्हणाली. "आता माईक वर धर. मागच्यांना ऐकू येत नसेल."

त्याने माईक वर धरला. पण तिला ओठ दिसतील इतका बाजूला.