ताईची खोली

“पण स्वयंपाकघर कुठंय?” उंबरठ्यातच थबकून डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं.

“हे काय, तुमच्या समोरच,” साहेब हसून म्हणाले. “बैठकीची खोलीही हीच आणि जेवायचीही हीच. मधे भिंतच नाही! अहो, सांगा ना यांना नीट. घर तुमचं आहे.”

शेवटचं वाक्य त्याला उद्देशून होतं. तो साहेबांच्या कचेरीत नकाशे काढायचा. कल्पना साहेबांच्या, सही साहेबांची, रेघा याच्या. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या रेघा ओढण्यात गेल्यावर गावाबाहेरच्या लहानशा तुकड्यावर त्यानं पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यातलं घर उभं केलं होतं. साहेबांना ते इतकं आवडलं, की बांधकाम काढणारं कुणी कचेरीत आलं की ते त्याला गाडीत घालून थेट इथं आणत. आज दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको आली होती.

एरवी खाली मान घालून काम करणारा तो घराविषयी बोलायला लागला की खुलायचा. उजेड पूर्वेच्या खिडकीतून शिरतो तो ओट्यापर्यंत कसा पोचतो, भाजी चिरता चिरता मुलीचा अभ्यास कसा घेता येतो, लहान जागा मोठी कशी वाटते, हे तो हात हलवून दाखवू लागला. ओट्याशी त्याची बायको पाठमोरी उभी राहून चहा करत होती. ती एकदाही वळली नाही. सकाळपासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

कारण सकाळी ताईला ताप होता.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चालायलाही शिकला नव्हता. त्याला ताईनंच वाढवलं. पुढं ती रुग्णालयाच्या शिवणखात्यात लागली. चादरी आणि रुग्णांचे अंगरखे शिवून शिवून तिच्या उजव्या खांद्याची वाट लागली, पण याचं शिक्षण झालं. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणायची, “एक पोर आहे की मला, आणखी कशाला?” निवृत्त झाल्यावर ती अर्थातच याच्याकडे राहू लागली. तसं ठरवावंही लागलं नव्हतं.

नव्या घराचा नकाशा त्यानं तिला मोठ्या हौसेनं दाखवला होता. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. “ही तुमची खोली. वर माळ्यावर पोरीची. आणि मी रे कुठं?”

“तू इथं, खिडकीशी. दिवाण आहे बघ. दिवसा बैठक, रात्री तुझा पलंग. आणि ताई, खरं म्हणजे सगळं घरच तुझं आहे.”

“अरे वा,” ती हसली होती. “सगळ्यांत मोठी खोली मलाच की!”

तोही हसला होता. त्याला ते कौतुकच वाटलं होतं. घरात राहायला आल्यावर मात्र ताईचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होऊ लागला, कारण कुणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून बैठक नीट करायची असे. पाहुणे रेंगाळले की ती जांभया दाबत खुर्चीवर बसून राही. कपडे बदलायचे तर न्हाणीघर. हे सगळं त्याला दिसत होतं. त्या घरात न दिसण्यासारखं काही नव्हतंच. पण बघूनही त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

आज सकाळी बायको म्हणाली, “ताईंचं अंग भाजतंय. त्या लोकांना नका म्हणून सांगा.”

“साहेबांनी शब्द दिलाय गं.”

“मग ताईंना आपल्या खोलीत पडू दे.”

“ती खोलीपण बघणार ते.” हे तो बोलला आणि बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात ताईच उठली. चादर घडी करता करता म्हणाली, “माझ्यावरून कशाला भांडताय? मी काय मरायला टेकलेय का? बसेन कुठंतरी बाजूला.”

ती कुठं बसली हे त्यानं पाहिलं नाही. गाडी दाराशी आली होती.

“छान आहे हो,” डॉक्टरांची बायको आता दिवाणावर बसून सगळीकडे नजर फिरवत होती. “मोकळं मोकळं वाटतं. किती जणं असता तुम्ही?”

“आम्ही तिघं,” तो म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. नकाशा काढताना जे डोक्यात होतं तेच निघालं. ओट्याशी कपबशी वाजली आणि थांबली. ‘चौघं’ म्हणून दुरुस्ती करायला एक क्षण होता, पण तेवढ्यात साहेब म्हणाले, “तिघांच्या कुटुंबाला अगदी आदर्श!” आणि तो क्षण गेला.

“हात धुवायचे होते,” डॉक्टर उठले. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. त्यांनी कडी वाजवली. आतून खोकल्याची ढास आली.

“कुणी आहे वाटतं आत?” डॉक्टरांनी वळून विचारलं.

त्यानं ओट्याकडे पाहिलं. बायको पाठमोरीच होती.

“कामाच्या बाई असतील,” डॉक्टरांच्या बायकोनंच परस्पर सांगून टाकलं.

तो गप्प बसला.

दार उघडलं. ताई बाहेर आली. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे तापानं लाल. तिच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं. ती डॉक्टरांना वाट देत बाजूला झाली.

“झालंय पुसून,” ती म्हणाली. “जरा ओलं आहे, जपून जा हं साहेब.”

मग त्याच्याकडे न बघता ती मागच्या दारानं अंगणात गेली. ती उन्हात पायरीवर बसली, आणि तिची पाठ मोठ्या काचेतून सगळ्यांना दिसत होती. डॉक्टरांच्या बायकोनं त्या काचेचंही कौतुक केलं.

पाहुणे खूश होऊन गेले. गाडीत बसताना साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो आत आला तेव्हा बायकोनं दिवाणावर अंथरूण घातलं होतं आणि ताईला दोन पांघरुणं घालून निजवलं होतं. कपांतला चहा तसाच थंड झाला होता.

“मिळालं का रे काम?” ताईनं विचारलं.

“हो.”

“मग झालं तर.”

तो दिवाणाच्या कडेला टेकला. त्यानं विचारलं, “ताई, असं का केलंस गं?”

“तू तिघं म्हणालास ना, बाळ्या. ऐकू आलं आत. मग चौथी कोण म्हणून सांगितलं असतंस? म्हटलं, तुझी पंचाईत नको.”

तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी तो शाळेत मार खाऊन आला की ती याच आवाजात त्याला समजवायची. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिचे पाय चेपावेत म्हणून त्यानं हात पुढं केला आणि पांघरुणापाशीच तो थांबला.

दुसऱ्याच दिवशी तो सुताराला घेऊन आला. खिडकीकडचा कोपरा लाकडी आडोशानं बंद करायचा, दार बसवायचं. सुतारानं फीत लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली आणि डोकं खाजवलं.

“साहेब, इथं आडोसा आला की ओट्यावर दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल. तिकडं सरकवला तर जायला-यायला वाट उरत नाही. जागाच नाही हो ठेवलेली.”

“तरी कर. अंधार झाला तर झाला.”

“काही नको,” ताई म्हणाली. ताप उतरला होता, पण आवाज बसलेला होता. “पोरीनं अंधारात अभ्यास करायचा का? सगळं बांधून झाल्यावर आता माझ्यासाठी जागा कोरत बसू नकोस.” तिनं सुताराला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पंधरवड्यात तिनं आपली सोय आपणच केली. रुग्णालयातल्या जुन्या मैत्रिणीनं शब्द टाकला आणि परिचारिका होऊ घातलेल्या मुलींच्या वसतिगृहावर तिला देखरेखीचं काम मिळालं. राहायला एक खोली.

“या वयात? ताई, लोक काय म्हणतील?” तो म्हणाला.

ताईनं पिशवीत कपडे भरता भरता वर पाहिलं.  आपण आधी लोकांचं नाव काढलं, हे त्याचं त्यालाच कळलं आणि कान गरम झाले.

मुलगी मात्र भोकाड पसरून रडली. “आत्या, तू आमच्याकडे का नाही राहत?” ताईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

डॉक्टरांच्या घराचा नकाशा त्यालाच काढायचा होता. कचेरीत डॉक्टर आणि त्यांची बायको समोर बसली असताना त्यानं विचारलं, “घरात तुम्ही दोघं, मुलं... आणखी कुणी?”

“आई असते. पण तिचं काय, ती कुठंही पडते. तुमच्याकडे तो दिवाण आहे ना, तसंच काहीतरी काढा,” डॉक्टर म्हणाले.

“मी त्यांना एक खोली काढतो. लहान का होईना, पण दार असलेली.”

“मग ते मोकळेपण जाईल ना,” डॉक्टरांची बायको म्हणाली. “तुमच्या घरी कुठं आहे अशी खोली?”

साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

“त्या दिवशी न्हाणीघरातून बादली घेऊन आल्या ना,” तो म्हणाला, “त्या कामाच्या बाई नव्हत्या. माझी थोरली बहीण आहे ती. आमच्याकडेच राहायची. अंगात ताप होता तिच्या. पडायला दुसरी जागा नव्हती.”

 डॉक्टरांच्या बायकोनं पर्सचा पट्टा उगाच सारखा केला. मग साहेबांकडे वळून डॉक्टर म्हणाले, “बघू आम्ही. कळवतो.” त्यांनी काही कळवलं नाही. ते घर नंतर दुसऱ्याच कुणीतरी बांधलं. साहेब कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत राहिले, आणि त्याच्या घरी माणसं आणणं आपोआप बंद झालं.

बोलून टाकल्यावर मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. जिच्यासमोर बोलायचं होतं, ती तिथं नव्हती.

एका सुटीच्या दिवशी तो वसतिगृहावर गेला. तिचं शिवणयंत्र घरीच राहिलं होतं, ते रिक्षातून घेऊन आला होता. लांबलचक वऱ्हांड्यात एकसारखी दारं. तिच्या दारावर कागदाचा तुकडा चिकटवलेला होता, त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘कृपया दार वाजवावे.’

त्यानं यंत्र भिंतीशी ठेवलं आणि दार वाजवलं.

“कोण?”

“मी. बाळ्या.”

“थांब जरा.”

आत ती काय करत होती ते कळत नव्हतं. झोपून उठली असेल, कपडे बदलत असेल, किंवा नुसतीच बसली असेल. काहीच ऐकू येत नव्हतं.

हातात ओले कपडे घेऊन एक मुलगी आली. “कोण हवंय तुम्हाला? ताई आहेत आत.”

“मी भाऊ त्यांचा.”

“मग जा की आत. कडी नसते दिवसा.”

“नको,” तो म्हणाला. “थांब म्हणालीय.”

मुलीला जायला वाट द्यावी म्हणून तो अंग चोरून भिंतीला टेकला, आणि तसाच उभा राहिला.